नरक्या

नरक्या : (घनेरा, कळगूर, अमृता, क. दुर्वासने मर, लॅ. नोथापोडायटिस निम्मोनियाना; कुल–आयकॅसिनेसी). सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित वनांत मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढणारा एक लहान वृक्ष. याच्या खोडात, सालीत व मुळांत कॅम्प्टोथेसीन नावाचे अल्कलॉइड असून त्यापासून बनविलेली औषधे मोठे आतडे, अंडाशय, फुप्फुस इत्यादींच्या कर्करोगांवर जगभर वापरली जातात. १९७० पूर्वी या झाडाकडे जळणापलीकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. त्यानंतरच्या काही दशकांत मात्र त्याची इतकी तोड झाली की, ज्या घाटांत ते सहज दिसे तेथे आज ते शोधावे लागते. उष्ण कटिबंधातील वनांची विविधता, त्या विविधतेतून औषध हाती येण्याची प्रक्रिया आणि औषध हाती आल्यावर मूळ वनस्पतीवर येणारे संकट या तिन्ही गोष्टी एकाच झाडाच्या इतिहासात पाहावयास मिळत असल्याने नरक्याचा परिचय येथे काहीशा विस्ताराने करून दिला आहे.

नाव व वर्गीकरण : याची फुले उमलली म्हणजे आसमंतात कुजकट दुर्गंधी पसरते. मराठी नाव त्यावरूनच पडले असावे. कन्नड नावाचा अर्थ तर सरळच ‘दुर्गंधी झाड’ असा आहे. अमृता हे नाव त्याला अलीकडे औषधी महत्त्व आल्यावर अधिक रूढ झाले. मात्र गुळवेलीलाही संस्कृतात अमृता म्हणत असल्यामुळे या नावाने घोटाळा होतो. गुळवेल ही सर्वस्वी निराळी वेल असून तिचा व नरक्याचा काही संबंध नाही. नरक्या हे विषारी झाड असल्याने हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

शास्त्रीय नामकरणाचा इतिहासही गुंतागुंतीचा आहे. मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी व हौशी वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई व तिच्या परिसरातील वनस्पतींची सूची तयार केली. ती छापून पूर्ण होण्यापूर्वीच १८३९ मध्ये खंडाळा येथे त्यांचे निधन झाले व त्यांचे सहकारी निम्मो यांनी ती पुरी करून त्याच वर्षी प्रसिद्ध केली. या सूचीत ग्रॅहॅम यांनी हे झाड प्रेम्ना या वंशात घालून त्याला निम्मो यांचे नाव दिले. वंशाची ही निवड चुकीची होती, परंतु जातिवाचक नाव नियमानुसार वैध ठरले. पुढे रॉबर्ट वाइट यांनी दक्षिण भारतातील नमुन्यांवरून याच जातीला दुर्गंधीवाचक ‘फीटिडा’ हे नाव दिले. त्यावरून मॅपिया फीटिडा व नंतर नोथापोडायटिस फीटिडा ही नावे प्रचारात आली. अग्रक्रमाच्या नियमाप्रमाणे ग्रॅहॅम यांचे नाव आधीचे असल्याने १९८० च्या सुमारास सध्याचे नाव निश्चित झाले. परिणामी या झाडावरील संशोधन तीन निरनिराळ्या नावांखाली विखुरलेले आहे. रसायनशास्त्रज्ञांचे १९७० नंतरचे मूलभूत लेख मॅपिया या नावाने, त्यानंतरचे बरेचसे ‘फीटिडा’ या नावाने व अलीकडचे ‘निम्मोनियाना’ या नावाने शोधावे लागतात.

प्रसार व परिस्थिती : भारतात पश्चिम घाट हे या झाडाचे मुख्य क्षेत्र आहे. त्याशिवाय आसाम, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन, तैवान व जपानच्या दक्षिणेकडील रिऊक्यू बेटे येथेही ते आढळते. महाराष्ट्रात महाबळेश्वर, कोयना, आंबा घाट, राधानगरी, आंबोली या भागांत ते होते व थोड्याफार प्रमाणात आजही आहे.

विषुववृत्ताजवळच्या वर्षावनात बाराही महिने पाऊस पडतो. सह्याद्रीची स्थिती तशी नाही. आंबोली, महाबळेश्वर यांसारख्या ठिकाणी वर्षाला ५,००० मिमी. हून अधिक पाऊस पडत असला, तरी तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पुढचे सहा-सात महिने कोरडे जातात. घाटांतून दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना हा कोरडा काळ वाढत जातो व त्या प्रमाणात सदाहरित वृक्षांच्या जातींची संख्या घटते. केरळातील वनांत जे उंच वृक्ष सहज आढळतात, त्यांतील कित्येक महाराष्ट्रात पोहोचतच नाहीत. उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावर अंजनी, जांभूळ व पिसा यांचे प्राधान्य असलेले बुटके पण दाट सदाहरित वन असते. धुके, कातळावरील मातीचा पातळ थर व वाऱ्याचा मारा यांमुळे त्याची उंची खुंटलेली असते. अशा वनात व त्याच्या कडेला, विशेषतः ओढ्याकाठच्या ओलसर जागी, नरक्या वाढतो.

या वनाचे वेगळेपण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाशी तुलना केल्यास चांगले समजते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे पूर्णा नदीच्या सपाट, काळ्या मातीच्या खोऱ्यात आहे. तेथे वर्षाला सु. ७०० ते ८०० मिमी. पाऊस पडतो व उन्हाळा अतिशय कडक असतो. उत्तरेस सातपुड्याच्या रांगेत अंबाबरवा आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरात ज्ञानगंगा ही अभयारण्ये आहेत. तेथील वने साग, सालई, धावडा, तेंदू यांची, उन्हाळ्यात निष्पर्ण होणारी शुष्क पानझडी वने होत. त्यांतही औषधी वनस्पती विपुल आहेत. सालईच्या डिंकातील बॉस्वेलिक अम्ले संधिवातावरील उपयोगासाठी अभ्यासली गेली आहेत. तथापि नरक्याला लागणारी सावली, आर्द्रता व भुसभुशीत अम्लधर्मी माती तेथे मिळत नाही. औषधी वनस्पतींच्या लागवडीची हौस सर्वत्र वाढत असल्याने स्पष्ट सांगणे बरे, की वऱ्हाडातील शेतात हे झाड लावून उत्पन्नाची अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही.

वर्णन : नरक्या सु. ३ ते ८ मी. उंच वाढतो. साल करडी व सुरकुतलेली असून कोवळ्या फांद्यांवर गळून पडलेल्या पानांचे वण ठळक दिसतात. पाने साधी, एकाआड एक, फांद्यांच्या टोकांकडे गर्दीने येणारी, लांबट अंडाकृती, १० ते २० सेंमी. लांब व लांब देठाची असतात. फुले लहान, पिवळसर पांढरी, दुर्गंधी व फांद्यांच्या टोकांवरील फुलोऱ्यांत पावसाळ्याच्या आरंभी येतात. पाकळ्या पाच असून त्या आतून लवदार असतात. अश्मगर्भी (आठळी असलेले) फळ लांबट, पिकल्यावर जांभळट काळे व एकबीजी असते. फळे पावसाळा संपल्यावर पक्व होतात व पक्षी ती खातात.

सर्व झाडांना फुले येत असली, तरी सर्वांना फळे येत नाहीत, ही गोष्ट संशोधकांच्या ध्यानात उशिरा आली. बाह्यतः फुले द्विलिंगी दिसतात, परंतु काही झाडांतील फुलांत स्त्री-अवयव अकार्यक्षम, तर काहींत पुं-अवयव अकार्यक्षम असतात. म्हणजे व्यवहारतः झाडे नर व मादी अशी विभक्त आहेत. एखाद्या वनखंडात मोजकीच झाडे उरली व ती योगायोगाने एकाच प्रकारची असली, तर दिसावयास झाडे शिल्लक राहतात पण बी धरत नाही. संरक्षणासाठी नुसती झाडांची मोजदाद पुरेशी का नसते, हे यावरून दिसून येते. बी रुजण्यास बराच काळ लागत असल्यानेही नैसर्गिक पुनरुत्पत्ती मंद असते. तोडलेल्या खोडाच्या बुंध्यापासून मात्र नवीन धुमारे फुटतात. मुळासकट उपटलेल्या झाडाला अर्थातच ही संधी मिळत नाही.

कॅम्प्टोथेसिनाचा शोध : या अल्कलॉइडाचा प्रथम शोध नरक्यात लागला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कृषी खात्याच्या प्रयोगशाळांत कॉर्टिसोन तयार करण्यासाठी उपयोगी पडतील अशी स्टेरॉइडे वनस्पतींत शोधण्याचे काम चालू होते. त्या कामात असलेले रसायनशास्त्रज्ञ मन्‍रो वॉल यांच्याकडे हजारो वनस्पतींचे अर्क साठलेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हे अर्क प्राण्यांतील कर्करोगावर तपासले, तेव्हा कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षाचा अर्क लक्षणीय क्रियाशील आढळला. १९६० मध्ये वॉल नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत गेले. तेथे १९६२ मध्ये त्यांना मनसुख छगनलाल वाणी (१९२५–२०२०) हे सहकारी लाभले.

वाणी मूळचे खानदेशातील नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर व काही काळ अध्यापन केल्यावर ते अमेरिकेस गेले आणि इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. वॉल व वाणी यांनी सहकाऱ्यांसह कॅम्प्टोथेका वृक्षाच्या लाकडापासून क्रियाशील द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले आणि १९६६ मध्ये त्याची संरचना प्रसिद्ध केली. याच दोघांनी १९७१ मध्ये पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल या दुसऱ्या महत्त्वाच्या कर्करोगविरोधी द्रव्याची संरचना जाहीर केली. एकाच प्रयोगशाळेतून पाच वर्षांच्या अंतराने दोन सर्वस्वी नवीन प्रकारची औषधे मिळणे ही औषधिरसायनाच्या इतिहासातील असाधारण घटना होय.

ज्या व्यापक तपासणीत हे घडले तिची व्याप्ती जाणून घेण्यासारखी आहे. १९६० ते १९८२ या काळात राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सु. ३५,००० वनस्पतिजातींपासून तयार केलेल्या १,१४,००० अर्कांची परीक्षा केली. त्यांतून रुग्णांपर्यंत पोहोचलेली औषधे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कोणत्या वनस्पतीत उपयुक्त द्रव्य असेल हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच जातींची विविधता टिकविण्याला व्यावहारिक अर्थ प्राप्त होतो. ‘प्रत्येक झाड औषधी’ या लोकप्रिय उक्तीला मात्र या आकड्यांत आधार सापडत नाही.

मुंबईतील संशोधन : चिनी वृक्षात कॅम्प्टोथेसिनाचे प्रमाण फार अल्प, शुष्क लाकडाच्या सु. ०.०१ टक्के किंवा त्याहूनही कमी होते. त्यामुळे दुसऱ्या स्रोताची गरज होती. तो मुंबईत सापडला. गोरेगाव येथे सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते व त्याचे संचालक प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ टी. आर्. गोविंदाचारी हे होते. भारतीय वनस्पतींतील नैसर्गिक द्रव्यांचा पद्धतशीर अभ्यास हा त्यांच्या कार्याचा मुख्य भाग होता. गोविंदाचारी व एन्. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये मॅपिया फीटिडा, म्हणजेच नरक्या, या झाडात कॅम्प्टोथेसीन व ९-मेथॉक्सिकॅम्प्टोथेसीन ही अल्कलॉइडे असल्याचे दाखवून दिले. येथे प्रमाण सु. ०.१ टक्का, म्हणजे चिनी वृक्षाच्या निदान दहापट निघाले. पुढे याच झाडातून मॅपिसीन हे संबंधित द्रव्यही त्यांनी वेगळे केले. त्यानंतरच्या परीक्षणांत निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांतील प्रमाणात मोठी तफावत आढळली आहे. सामान्यतः मुळांत ते सर्वाधिक, त्याखालोखाल सालीत व लाकडात आणि पानांत कमी असते. काही निवडक झाडांत ते एक टक्क्यापेक्षाही जास्त भरले.

नरक्या व चिनी कॅम्प्टोथेका ही झाडे वर्गीकरणदृष्ट्या परस्परांपासून दूरची, निरनिराळ्या गणांतील आहेत. त्यानंतर ऑफिओऱ्हायझा या वंशातील लहान वनस्पतींत (या वंशातील एक जाती सर्पाक्षी या नावाने ओळखली जाते) आणि सह्याद्रीत सर्वत्र आढळणाऱ्या नागलकुड्यातही कॅम्प्टोथेसीन सापडले. त्या आणखी वेगळ्या कुलांतील होत. इतके गुंतागुंतीचे संयुग नात्याने दूर असलेल्या वनस्पतींत कसे आले, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. ट्रिप्टामीन व सेकोलोगॅनीन यांसारख्या, अनेक कुलांत आढळणाऱ्या साध्या घटकांपासून त्याची बांधणी होत असल्याने ती निरनिराळ्या वेळी स्वतंत्रपणे विकसित झाली असणे शक्य आहे. चिनी भाषेत कॅम्प्टोथेकाला ‘आनंदवृक्ष’ अशा अर्थाचे नाव आहे. त्याच द्रव्याच्या आपल्याकडील झाडाला नरकाची आठवण करून देणारे नाव मिळावे, हा केवळ योगायोग.

कार्य : कॅम्प्टोथेसीन हे फिकट पिवळे, स्फटिकी, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे द्रव्य असून जंबुपार किरणांत ते निळे अनुस्फुरण दाखविते. त्याच्या रेणूत एकमेकांस जोडलेली पाच वलये असून पाचवे लॅक्टोन वलय हे त्याच्या क्रियाशीलतेचे मर्मस्थान आहे.

हे द्रव्य कर्करोगाच्या कोशिका कशा मारते, हे ते सापडल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १९८५ मध्ये उलगडले. कोशिकेतील आनुवंशिक माहिती डीएनए या दुपदरी, पिळलेल्या रेणूत साठविलेली असते. कोशिका विभागताना हे पदर सुटे व्हावे लागतात. पीळ घातलेली दोरी मध्येच उकलू लागले, तर पुढचा भाग अधिकच घट्ट पिळला जातो, तसाच ताण येथेही निर्माण होतो. टोपोआयसोमरेज-१ हे एंझाइम दोनपैकी एक पदर कापते, दुसऱ्याभोवती तो फिरू देऊन ताण घालविते आणि कापलेली टोके पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिनाचा रेणू नेमका या कापलेल्या फटीत पाचरीसारखा बसतो व टोके जुळू देत नाही. डीएनएची प्रतिकृती तयार करणारी यंत्रणा तेथे येऊन आदळली की, दोन्ही पदर तुटतात व कोशिका मरते. झपाट्याने विभागणाऱ्या कोशिकांवर हा आघात अधिक होतो. कर्करोगाच्या कोशिका अशा असतात, पण अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर व केसांची मुळे यांतील निरोगी कोशिकाही अशाच असतात. या औषधांमुळे रक्तातील कोशिका कमी होणे, तीव्र अतिसार व केस गळणे हे परिणाम दिसतात ते याच कारणाने.

मग हे विष झाडाला स्वतःला का बाधत नाही? कॅम्प्टोथेका व ऑफिओऱ्हायझा यांच्या टोपोआयसोमरेजामध्ये काही अमिनो अम्ले बदललेली असून त्यामुळे कॅम्प्टोथेसीन तेथे बसू शकत नाही, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. नरक्याच्या पानांवर जगणारे एक भुंगेरेही हे द्रव्य निर्धोकपणे आपल्या शरीरात साठविते. झाड नाहीसे झाल्यास त्यावर अवलंबून असलेल्या अशा कीटकांचाही आधार जातो.

औषधे : द्रव्य सापडल्यापासून औषध होईपर्यंतचा मार्ग सरळ नव्हता. मूळ कॅम्प्टोथेसीन पाण्यात विरघळत नसल्याने त्याचे सोडियम लवण करून १९७० च्या सुमारास अमेरिकेत रुग्णांवर प्रयोग झाले. लवण करताना लॅक्टोन वलय उघडते व त्याबरोबर बरीचशी उपयुक्तताही जाते, हे तेव्हा पुरेसे उमगले नव्हते. मूत्राशयाचा रक्तस्रावी दाह व इतर विषारी परिणाम इतके गंभीर होते की, ते प्रयोग सोडून द्यावे लागले. पुढे दहा-बारा वर्षे हा विषय जवळजवळ अडगळीत पडला. १९८५ मध्ये कार्याची यंत्रणा कळल्यावर त्याला पुन्हा चालना मिळाली आणि लॅक्टोन वलय न बिघडविता पाण्यात विरघळतील असे साधित पदार्थ बनविण्यात आले. त्यांपैकी इरिनोटेकान जपानमध्ये १९९४ मध्ये व अमेरिकेत १९९६ मध्ये आणि टोपोटेकान अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाले. पहिले मुख्यतः मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या, तर दुसरे अंडाशयाच्या, गर्भाशयग्रीवेच्या आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर देतात. २०१९ नंतर कॅम्प्टोथेसिनाचे साधित पदार्थ प्रतिपिंडाला जोडून नेमके कर्करोगाच्या कोशिकेपर्यंत पोहोचविणारी औषधेही वापरात आली असून स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारात त्यांना महत्त्व आले आहे.

ही सर्व औषधे शुद्ध, मोजून दिलेली व रासायनिक रीत्या बदललेली आहेत. झाडाच्या सालीचा काढा किंवा चूर्ण घेतल्याने कर्करोग बरा होतो, हा समज निराधार व अत्यंत धोक्याचा आहे. रुग्णांवरील पहिले प्रयोग ज्या विषारी परिणामांमुळे सोडावे लागले ते शुद्ध द्रव्याच्या मोजलेल्या मात्रेचे होते. अशुद्ध अर्कात तर मात्रेचाही अंदाज राहत नाही.

परंपरागत ज्ञानाचा प्रश्न : वर्षावनांतील औषधांविषयी बोलताना स्थानिक लोकांना गुण आधीच माहीत होते व शास्त्रज्ञांनी ते नंतर सिद्ध केले, असे सामान्यतः सांगितले जाते. पुष्कळ वनस्पतींबाबत ते खरे आहे. सर्पगंधेचा उपयोग वैद्यांना पूर्वापार ठाऊक होता. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या परिणामाची माहिती ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केल्यावर जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले व १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सिबाच्याच प्रयोगशाळेत रेसर्पीन हे तिच्यातील अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. सतराव्या शतकात मलबारातील वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ डच राज्यपाल व्हान ऱ्हीड यांनी सिद्ध केला, तोही इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे कोंकणी ब्राह्मण यांच्या माहितीच्या बळावर. या तिघांचे नागरी लिपीतील निवेदन ग्रंथात छापलेले आहे.

नरक्याची गोष्ट निराळी आहे. त्याचा कर्करोगावरील उपयोग कोणत्याही परंपरेतून आलेला नाही. तो रसायनशास्त्रज्ञांच्या तपासणीतून निघाला. यावरून परंपरागत ज्ञान निरुपयोगी ठरत नाही. मात्र ज्या वनस्पतीविषयी कोणतीही परंपरा काही सांगत नाही, तीही तितकीच मोलाची असू शकते. केवळ ‘उपयुक्त’ झाडे राखून बाकीचे रान तोडण्याच्या धोरणात १९६५ साली नरक्या निश्चितपणे तोडण्याच्या यादीत गेला असता.

तोड व ऱ्हास : कॅम्प्टोथेसिनाचे संश्लेषण प्रयोगशाळेत १९७१ पासून साधले आहे, पण व्यापारी प्रमाणावर वनस्पतीपासून निष्कर्षण करणे स्वस्त पडत आले. औषधांना १९९० नंतर मान्यता मिळू लागल्यावर मागणी वाढली आणि तिचा भार चीनमधील कॅम्प्टोथेका व पश्चिम घाटांतील नरक्या या दोन वृक्षांवर पडला. एक साधा हिशेब पाहावा. लाकडात ०.१ टक्का अल्कलॉइड आहे व ते सर्वच्या सर्व काढता आले असे मानले, तरी एक किग्रॅ. कॅम्प्टोथेसिनासाठी एक टन शुष्क लाकूड लागते. प्रत्यक्षात निष्कर्षणात घट येतेच. झाड लहान, खोड बारीक. त्यामुळे एका टनासाठी पुष्कळ झाडे पाडावी लागतात. मुळांत प्रमाण अधिक असल्याने ती खणून काढण्याचा मोह होतो. तोडलेल्या झाडाचे तुकडे करून वाळविले म्हणजे ते कोणत्या झाडाचे हे ओळखणेही सामान्य माणसास अशक्य होते व सरपण म्हणून वाहतूक करता येते. सिंधुदुर्ग, कोल्हापूर व सातारा जिल्ह्यांत नरक्याची चोरटी तोड व वाहतूक वारंवार उघडकीस आलेली आहे. तोडणाऱ्या मजुराला मिळणारे पैसे व औषधाची बाजारातील किंमत यांत कोणतेही प्रमाण नसते, हेही नमूद केले पाहिजे.

पश्चिम घाटांतील पाहणीत बंगलोरच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडाच्या संख्येतील मोठ्या घटीकडे २००२ मध्येच लक्ष वेधले होते. अतितोडीबरोबर वनांचे तुकडे पडणे हेही कारण आहे. कोकण व घाटमाथ्यावरील पुष्कळसे रान खाजगी मालकीचे असून तेथे वृक्षतोडीनंतर काजू, रबर यांच्या बागा उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी नरक्या पुन्हा येत नाही.

पर्यायी स्रोत : मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात नरक्याच्या ऊतक संवर्धनातून कॅम्प्टोथेसीन मिळू शकते असे दाखविले, परंतु त्याचे प्रमाण पूर्ण वाढलेल्या झाडाच्या मानाने फारच कमी भरले. २००५ मध्ये जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांना नरक्याच्या आत राहणारे एक कवक स्वतंत्रपणे हे द्रव्य तयार करते असे आढळले व मोठी आशा निर्माण झाली. टाकीत कवक वाढवून औषध मिळाले, तर झाडाला हात लावण्याचे कारण उरणार नाही. तथापि अशी कवके प्रयोगशाळेत पिढ्यानुपिढ्या वाढविली असता त्यांचे उत्पादन घटत जाते, असा सर्वत्र अनुभव आहे. अधिक उत्पादक झाडे निवडून त्यांची लागवड करणे आणि मूळ न उपटता बुंध्यावरील धुमारे ठराविक काळाने छाटणे हा त्या मानाने साधा व भरवशाचा मार्ग होय. त्यासाठी मात्र रानात निरनिराळ्या आनुवंशिक गुणांची झाडे शिल्लक असावी लागतात. एक टक्क्याहून अधिक अल्कलॉइड देणारी झाडे अशाच नैसर्गिक विविधतेतून निवडली गेली.

संरक्षण : महाराष्ट्रातील नरक्याच्या क्षेत्रापैकी काही भाग कोयना, चांदोली व राधानगरी या संरक्षित क्षेत्रांत येतो. ही तिन्ही, कास पठारासह, २०१२ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत पश्चिम घाटांच्या ३९ ठिकाणांमध्ये समाविष्ट झाली. संरक्षित क्षेत्राबाहेर, गावकऱ्यांनी देवाच्या नावाने राखलेल्या देवराया हे अनेक सदाहरित जातींचे आश्रयस्थान आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये जैविक संपत्तीच्या व्यापारी उपयोगातून होणाऱ्या लाभाचा वाटा स्थानिक लोकांना मिळावा अशी तरतूद असून या अधिनियमात २०२३ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ २०१२ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय नागपूर येथे आहे. गावपातळीवरील समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या असतात. नरक्यासारख्या झाडाची अशा नोंदवहीत केवळ नावनिशी न करता फळ धरणारी व न धरणारी झाडे वेगवेगळी नोंदविल्यास ती नोंद प्रत्यक्ष संवर्धनाच्या उपयोगी पडते. हे काम फळे येण्याच्या सुमारास, म्हणजे पावसाळा संपल्यावर, करावे लागते.